पोहून झाल्यावर सायकल कशाला?

कोल्हापुरात माणसाच्या अंगातल्या रगेला वाट करून द्यायच्या जागा पूर्वीपासून ठरलेल्या आहेत. तालमीत जाऊन अंगाला माती लावावी, शाहू स्टेडियमवर आपल्या पेठेच्या संघासाठी घसा बसवून घ्यावा, आणि तरीही रग उरलीच तर एखाद्या कृती समितीत शिरावं. अलीकडे यात आणखी एका पर्यायाची भर पडली आहे. रविवारी पहाटे, शहाणी माणसं मिसळीची वेळ होईपर्यंत अंथरुणात लोळत असताना, काही पोट सुटलेले प्रौढ गृहस्थ अंगाला चिकटलेले कपडे घालून राजाराम तलावाच्या काठावर कुडकुडत उभे राहतात. कुणीतरी भोंगा वाजवला की ते पाण्यात शिरतात, बाहेर येऊन सायकलवर बसतात, मग सायकल सोडून पळत सुटतात आणि शेवटी गळ्यात पदक घालून फोटो काढून घेतात. याला ट्रायथलॉन म्हणतात. मीही त्यांतलाच एक आहे, पोटासकट.

पोहणं, सायकल आणि पळणं हे तिन्ही यात एका दमात उरकायचं असतं. त्यातही थोरली आणि धाकटी पाती आहेत. सगळ्यांत थोरली आयर्नमॅन: 3.8 किलोमीटर पोहायचं, 180 किलोमीटर सायकल मारायची आणि वर पूर्ण मॅरेथॉन, म्हणजे 42.2 किलोमीटर पळायचं. त्याखाली ऑलिंपिकमधलं अंतर: दीड, 40 आणि 10 किलोमीटर. आणि त्याच्याही निम्मं, म्हणजे 750 मीटर पोहणं, 20 किलोमीटर सायकल आणि 5 किलोमीटर पळणं, हे आमचं. लोकांना ही उतरंड ठाऊक नसते. ‘ट्रायथलॉन केली’ म्हटलं, की ते डोळे मोठे करून विचारतात, ‘म्हणजे आयर्नमॅन का?’ आमच्यातले सरळमार्गी लोक ‘नाही हो, त्यातलं छोटं’ म्हणतात. बाकीचे नुसते हसतात आणि चहा मागवतात.

आमच्या पेठेतल्या तालमीच्या वस्तादांना मात्र असं हसून गप्प करता येत नाही. त्यांनी एकदा मला कट्ट्यावर बसवून रीतसर उलटतपासणी घेतली.

‘आधी पवायचं?’

‘होय, वस्ताद.’

‘मग सायकल?’

‘होय.’

‘पवून झाल्यावर सायकल कशाला रं? घर लांब हाय व्हय?’

‘नाही वस्ताद, शर्यतच तशी असते.’

‘बरं. मग सायकलवरनं उतरून पळायचं.’ वस्ताद जरा विचारात पडले. ‘सायकल कुणी न्हेली?’

‘कुणी नाही नेली. तिथंच ठेवलेली असते.’

‘सायकल हाय, आनि गडी पळतोय!’ कट्ट्यावरच्या बाकीच्यांकडे बघत त्यांनी निकाल दिला. ‘आरं, खाशाबांनी 1952 ला हेलसिंकीत एका खेळात पदक आणलं. तुमास्नी तीन-तीन खेळ लागत्यात, आनि पदक मिळतंय ते समद्यांस्नी वाटलेलं.’

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. सायकल असताना पळण्याचं समर्थन आजवर कुणालाही करता आलेलं नाही. मात्र हे खूळ कुणी काढलं, ते सांगता येतं. 25 सप्टेंबर 1974 रोजी अमेरिकेत सॅन दिएगोच्या मिशन बे इथे, तिथल्या एका पळणाऱ्यांच्या मंडळाने, नेहमीच्या सरावाला कंटाळून ही शर्यत भरवली. वार होता बुधवार, वेळ संध्याकाळची. म्हणजे कामावरून सुटलेली माणसं होती, आपल्यातलीच. 46 जण आले. त्या दिवशी पळणं पहिलं, मग सायकल आणि पाण्यात उतरणं शेवटच्या टप्प्यात, असा उलटा क्रम होता. मागे राहिलेले लोक पाण्याशी येईपर्यंत अंधार पडला आणि गाड्यांचे दिवे लावून त्यांना वाट दाखवावी लागली. पुढे शहाणपण आलं आणि पोहणं सगळ्यांत आधी गेलं. कारण उघड आहे. दमलेला माणूस सायकलवरून पडला तर खरचटतं, पळताना थकला तर फूटपाथवर बसतो आणि कुणीतरी चहा देतं. पाण्यात बसायची सोय नाही.

त्या 46 जणांत नौदलातला एक अधिकारी होता, जॉन कॉलिन्स. हाच पुढे हवाईला बदलून गेला. तिथे एका बक्षीस समारंभात पोहणारे श्रेष्ठ, सायकलवाले श्रेष्ठ की पळणारे श्रेष्ठ, असा वाद पेटला आणि कॉलिन्सने तो मिटवण्यासाठी तिन्ही लांब पल्ल्यांची एकच शर्यत काढली. तीच आयर्नमॅन. 18 फेब्रुवारी 1978 ला 15 जण निघाले, 12 पोहोचले. त्यांतल्या एका गड्याच्या मदतनीसांकडचं पाणी वाटेत संपलं, तेव्हा त्यांनी त्याला बिअर पाजली. तरी तो दुसरा आला. आमच्याकडे असा वाद कट्ट्यावर निघाला असता तर रात्री अकरापर्यंत चालला असता, दोघांनी एकमेकांशी बोलणं सोडलं असतं आणि कुणालाही पळावं लागलं नसतं. अमेरिकन लोकांना वाद घालता येत नाही, त्याची किंमत साऱ्या जगाला भोगावी लागली.

महाराष्ट्रात हे लोण यायला वेळ लागला, पण आलं ते जोरात. 2015 मध्ये मिलिंद सोमण यांनी पन्नाशीच्या तोंडावर झुरिकची आयर्नमॅन पूर्ण केली आणि त्या आठवड्यात घरोघरच्या बायकांनी पेपर बाजूला ठेवून आपापल्या नवऱ्याकडे एकदा नीट बघितलं. 2019 मध्ये निम्म्या अंतराची आयर्नमॅन गोव्यात मिरामारला आली. तोवर गोव्याला जायची आमची कारणं वेगळी असायची. तिथून परतलेल्या मित्रांच्या बॅगांतून पहिल्यांदाच काजूऐवजी पदकं निघाली.

या खेळात येणारी माणसं तीन जातींची असतात. पहिली पोहणाऱ्यांची. कोल्हापुरात पोहण्याचा मान मोठा. बीजिंग ऑलिंपिकला गेलेला वीरधवल खाडे इथलाच. पण राजाराम तलावावर येणाऱ्यांत दोन पंथ आहेत. एक तरणतलावात शुल्क भरून शास्त्रोक्त शिकलेला, दुसरा पंचगंगेच्या घाटावर किंवा कळंब्याला पाठीला डबा बांधून शिकलेला. शास्त्रोक्त पंथाचं डोकं पाण्याखाली असतं. तरणतलावाच्या तळाला काळी पट्टी असते, ती बघत तो सरळ जातो. तलावाच्या तळाला पट्टी नसते. तळच दिसत नाही. त्यामुळे हा शास्त्रशुद्ध माणूस शास्त्रशुद्ध हात मारत तिरका तिरका निघतो आणि 750 मीटरच्या शर्यतीत चांगला नऊशे मीटर पोहून येतो. घाटावरचा पंथ डोकं वर ठेवून पोहतो. त्याला पुढचा फुगा दिसतो, काठावरचे ओळखीचे लोक दिसतात, तो मध्येच कुणाला तरी हाक मारतो आणि नाकासमोर सरळ जाऊन पहिल्या दहात बाहेर पडतो. प्रशिक्षक हे दृश्य बघून तोंड फिरवतात.

दुसरी जात सायकलवाल्यांची. यांच्या सायकलीची किंमत जितकी वाढते, तितक्या तिच्यावरच्या वस्तू कमी होतात. स्टँड नाही, कॅरिअर नाही, मडगार्ड नाही, घंटी नाही, कुलूप लावायला जागा नाही. माझी सायकल घरी आली त्या दिवशी आईने तिच्याभोवती एक फेरी मारली आणि किंमत विचारली. मी निम्मी सांगितली. ती म्हणाली, ‘एवढ्यात म्हैस आली असती रे. दूध तरी मिळालं असतं.’ गल्लीतल्या वॉचमनने स्टँड नाही हे बघून हळहळ व्यक्त केली. ‘साहेब, तुम्हाला फसवलं त्यांनी,’ तो म्हणाला. सायकलवाल्यांना मात्र यातलं काही ऐकू येत नाही. ते टायरमधल्या हवेच्या दाबावर बोलत असतात. दोन सायकलवाले भेटले की ते एकमेकांच्या बायकोमुलांची चौकशी करत नाहीत, चेनला कुठलं तेल घालता ते विचारतात.

तिसरी जात पळणाऱ्यांची. हे काटक, काळवंडलेले आणि मनगटावर पाटीएवढं घड्याळ बांधलेले असतात. रंकाळ्याला फेऱ्या मारून यांचे गुडघे तयार झालेले असतात. पाण्याशी संबंध मात्र अंघोळीपुरता. ट्रायथलॉनमध्ये थकलेल्या पोहणाऱ्याला सुरक्षेच्या होडीला धरून श्वास घ्यायची मुभा आहे. होडीच्या मदतीने पुढे सरकला तर बाद. पळणारे या नियमाचा पुरेपूर लाभ घेतात. तलावाच्या मधोमध एकेका होडीला चार-चार मॅरेथॉनवीर लटकलेले असतात. तिथे ओळखी होतात, गाव कुठलं, काम काय करता, मुलगा कितवीला, हे सगळं होतं. वल्हं धरून बसलेला पोरगा मधून मधून म्हणतो, ‘काका, निघा आता, दुसऱ्यांना जागा पायजे.’

या तिन्ही जातींतून जो कुठल्याच एका जातीत बसत नाही, तो खरा ट्रायथलॉनवाला. त्याच्याबद्दल पोहणारे सांगतात, ‘सायकल छान मारतो.’ सायकलवाले सांगतात, ‘पळायला चांगला आहे.’ आणि पळणाऱ्यांना विचारलं तर ते म्हणतात, ‘तो ना? त्याला पोहायला फार सुंदर येतं.’

यातला सर्वांत नाजूक विषय पोशाखाचा. तिन्ही खेळ एकाच कपड्यांत व्हावेत म्हणून ट्राय-सूट नावाचा अखंड पोशाख निघाला आहे. तो गळ्यापासून मांडीपर्यंत एकसलग असतो, अंगाला घट्ट बसतो आणि पाठीला किंवा पोटाला चेन असते. माणसाने आयुष्यभर सैल शर्टाच्या आत जे जे झाकून ठेवलं, ते ते हा पोशाख ठळक करून दाखवतो. मी तो घरी घालून बघितला. आईने चष्मा वर करून पुष्कळ वेळ बघितलं आणि विचारलं, ‘हे आतलं आहे का बाहेरचं?’ बाहेरचं आहे म्हटल्यावर ती म्हणाली, ‘मग यावर काय घालणार?’ बायकोने दाराची कडी लावली. ‘अहो, निदान तलावापर्यंत तरी वर काहीतरी घालून जा,’ एवढंच तिचं म्हणणं होतं. मुलीने फोटो काढला आणि तो कुणाला पाठवू नये यासाठी किती द्यायचे, याची बोलणी सुरू केली.

शर्यतीच्या दिवशी पहाटे दंडावर आणि पोटरीवर मार्करने नंबर लिहितात. घोट्याला वेळ मोजणारी चिप बांधतात. डोक्याला रबरी टोपी चढवतात, ती कानावर ओढेपर्यंत फटकन वर जाते. एवढं झालं की गावातला वकील, डॉक्टर, शिक्षक आणि सराफ यांच्यातला फरक मिटतो. कोर्टात ज्यांच्यासमोर बोलताना ततपप होते, ते गृहस्थ गुलाबी टोपीत आणि पोटरीवर नंबर घेऊन ‘पाणी लई गार हाय काय हो?’ असं आपल्याला विचारतात. मार्करचा नंबर नंतर साबणाला दाद देत नाही. सोमवारी ऑफिसात बाह्या दुमडल्या की तो दिसतो. काही जण मुद्दाम बाह्या दुमडतात.

पाण्याची चौकशी सगळेच करतात, आणि त्यात हसण्यासारखं काही नाही. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ट्रायथलॉनचं पोहणं सेन नदीत ठेवलं होतं. त्या नदीत 1923 पासून पोहायला बंदी होती. नदी साफ करायला त्यांनी प्रचंड पैसा ओतला, आणि ऐन शर्यतीच्या दिवशी तपासणी केली तर पाणी खराब निघालं. पुरुषांची शर्यत एक दिवस पुढे ढकलावी लागली. पंचगंगेच्या प्रदूषणावरच्या बैठकांच्या बातम्या वाचत मोठे झालेल्या आम्हा लोकांना ती बातमी ऐकून पॅरिस पहिल्यांदा घरचं वाटलं.

भोंगा वाजतो. पाडव्याला कोल्हापुरात म्हशी नटवून पंचगंगेच्या घाटावर आणतात, त्यांतल्या चाळीस-पन्नास म्हशी एकदम पाण्यात सोडल्या तर काय होईल, ते आता तलावात होतं. कुणाचा पाय कुणाच्या तोंडावर, कुणाचा हात कुणाच्या पाठीवर. एरवी रस्त्यात गाडीला गाडी घासली तर खाली उतरून पूर्वजांपर्यंत जाणारी माणसं इथे कानाखाली बसली तरी ‘सॉरी हं’ म्हणून पुढचा हात मारतात. पहिल्या शंभर मीटरात श्वास छातीत मावत नाही. गार पाण्यात एकदम शिरलं की श्वास आपोआप जोरात आणि अर्धवट होतो. शरीराची ती रीतच आहे, आणि थोडा वेळ संथ राहिलं की बसतो. हे प्रशिक्षकाने शंभरदा सांगितलेलं असतं. पण त्या क्षणी प्रशिक्षक आठवत नाही. विम्याचा हप्ता भरला होता का, ते आठवतं.

बाहेर आल्यावर जे सुरू होतं, ते या खेळाचं हृदय आहे. पोहण्यातून सायकलवर जाण्याच्या मधल्या वेळाला टी-वन आणि सायकलवरून पळण्यावर जाण्याच्या वेळाला टी-टू म्हणतात. घड्याळ चालूच असतं. ऑलिंपिकवाले हे काम मिनिटभरात उरकतात. आमच्याकडे टी-वन हा एक छोटा संसार असतो. आधी शेकडो सायकलींतून आपली सायकल शोधायची, तीही चष्म्याशिवाय. मग ओल्या पायात मोजा घालायचा. ओल्या पायात मोजा जात नाही. अंगठ्याशी अडतो, टाचेशी वळतो, आणि एका पायावर उभं राहून तो ओढताना माणसाच्या तोंडून जे शब्द निघतात, ते वेळ मोजणाऱ्या यंत्रात नोंदवले जात नाहीत हे चांगलं आहे. मी तिथे एका सद्गृहस्थांना टॉवेलने पायाच्या बोटांमधल्या बेचक्या एकेक करून पुसताना पाहिलं आहे. दुसऱ्यांनी पाकिटातून कंगवा काढून भांग पाडला आणि मग त्यावर हेल्मेट घातलं. एकाच्या बायकोने कुंपणापलीकडून थर्मास पुढे केला. बाहेरून मदत घ्यायला मनाई आहे, असं पंचांनी सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, ‘मदत कुठली, चहा आहे.’

हेल्मेटचा नियम कडक आहे. ते डोक्यावर घालून हनुवटीखालचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हातही लावायचा नाही, आणि परत येऊन सायकल जागेवर ठेवेपर्यंत पट्टा काढायचा नाही. दुचाकीवर हेल्मेट घाला म्हटलं की आमच्याकडे मोर्चा निघतो. तेच मोर्चातले चेहरे इथे पंचाने नुसतं बोट दाखवलं की शाळकरी पोरासारखे मुकाट्याने पट्टा लावतात. सरकारला हेल्मेटसक्ती यशस्वी करायची असेल तर दंडाऐवजी शेवटी पदक ठेवून बघावं.

सायकलीच्या 20 किलोमीटरांत दुसऱ्याच्या मागे चिकटून जायचं नाही, हा आणखी एक नियम. सायकल वेगात असली की बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. पुढच्याच्या आडोशाने गेलं तर ती वाचते, म्हणून आमच्या हौशी गटांत त्याला बंदी असते. वाहनाच्या आडोशालाही तोच नियम. ऊस तोडणीच्या दिवसांत आमच्या भागात या नियमाची खरी परीक्षा होते. समोर उसाने गच्च भरलेली ट्रॉली संथ चाललेली असते, तिच्यामागे वाऱ्याचा आडोसा असतो, आणि लहानपणापासूनची सवय अशी की ट्रॉली दिसली की हात आपोआप पुढे जातो. चांगल्या हुद्द्यावरच्या एका स्पर्धकाला मी चालत्या सायकलवरून ऊस ओढताना बघितलं. त्याला आडोशासाठी ताकीद द्यावी की बाहेरची मदत घेतल्याबद्दल, यावर पंचांत मतभेद झाले. ऊस हातातच राहिला.

रस्त्याकडेच्या लोकांना शर्यत आहे हे कळतं, कुठली ते कळत नाही. पंक्चरच्या दुकानासमोरून ‘काका, जोर लावा!’ अशी आरोळी येते. मोटारसायकलवरची दोन पोरं बाजूला येऊन बराच वेळ सोबत करतात आणि अत्यंत आपुलकीने विचारतात, ‘भावा, पेट्रोल संपलं काय?’ गावातली कुत्री फक्त पहिल्या काही जणांच्या मागे धावतात. आमच्यापर्यंत पोहोचेतो ती दमून बसलेली असतात आणि नुसतं बघतात.

मग टी-टू, आणि त्यानंतर पाय. सायकलवर पाय तासभर एकाच वर्तुळात फिरलेले असतात, त्यांना शरीराचं वजन उचलावं लागलेलं नसतं. उतरून पळायला सांगितलं की ते ऐकतच नाहीत. डोकं म्हणतं पळ. पाय अजून पॅडल मारत असतात. माणूस गुडघे उचलून जागच्या जागी काहीतरी करतो आहे असं बघणाऱ्याला वाटतं. यासाठी सायकलनंतर लगेच पळण्याचा सराव करायचा असतो. तो केला तरी पहिला किलोमीटर असाच जातो. फरक इतकाच, की सराव केलेल्या माणसाला त्याचं आश्चर्य वाटत नाही. पाणी देणाऱ्या टेबलाशी कॉलेजची पोरं उभी असतात. शास्त्रीय एनर्जी जेलची पुडी दाताने फोडता न आलेले लोक तिथे गुळाचा खडा मागतात. आमच्या गुळाला भौगोलिक मानांकन आहे, आणि त्याला पुडी नसते. ‘सर, तुम्ही चालताय का पळताय?’ असं एका मुलीने मला विचारलं. तिच्या हातात नोंदवही होती, म्हणजे प्रश्न खरोखरच माहितीसाठी होता.

पळण्याच्या या टप्प्यात भल्याभल्यांची भंबेरी उडते. 2016 मध्ये मेक्सिकोतल्या कोझुमेलच्या शर्यतीत इंग्लंडचा जॉनी ब्राउनली पहिला चालला होता. शेवटच्या काही शे मीटरांत उन्हाने त्याचे पाय लटपटले आणि तो रस्त्याकडेला झोकांड्या खायला लागला. मागून त्याचा थोरला भाऊ अ‍ॅलिस्टर आला. तो ऑलिंपिक विजेता. त्याने पहिल्या नंबरावर पाणी सोडलं, धाकट्याला खांद्याला धरून पळवत आणला आणि शेवटच्या रेषेपलीकडे ढकलून दिला. धाकटा दुसरा, थोरला तिसरा. मी हा प्रसंग गावाकडच्या काकांना सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘वाटण्या झाल्या होत्या का त्यांच्या?’ आमच्याकडे भाऊ भावाला रेषेपलीकडे ढकलतो तेव्हा ती रेष बांधाची असते.

शर्यत संपल्यावर घरी एकच प्रश्न येतो: ‘कितवा आलास?’ या प्रश्नाला तोंड देण्यासाठी ट्रायथलॉनवाल्यांनी वयोगट शोधून काढले आहेत. पाच-पाच वर्षांचे गट असतात, आणि वय धरतात ते त्या वर्षीच्या 31 डिसेंबरला जे होईल ते. म्हणून हा एकमेव समाज असा आहे जिथे माणसं पन्नास कधी पूर्ण होतायत याची वाट बघतात. एकोणपन्नासाव्या वर्षी आपण गटातले सगळ्यांत म्हातारे असतो; पन्नाशी उजाडली की वरच्या गटातले सगळ्यांत तरुण. वाढदिवसाला शुभेच्छा देताना आमच्यात ‘आता तुझा नंबर येणार बघ’ म्हणतात. शिवाय वरच्या गटात माणसं कमी होत जातात, काही कामाच्या रगाड्याने, काही गुडघ्याने आणि काही बायकोने थांबवल्यामुळे. जो टिकतो तो वर चढतो. मी वयोगटात तिसरा आलो, असं आईने सगळ्या गल्लीत सांगितलं. गटात किती जण होते, हे तिने विचारलं नव्हतं. मीही आपण होऊन सांगितलं नाही.

आता वस्तादांच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला हवं. तीन-तीन खेळ कशाला? माझं मत असं आहे, की चाळिशी ओलांडलेल्या माणसाला आपल्याकडे नवशिका होण्याची परवानगी नसते. ऑफिसात तो साहेब असतो, घरात कर्ता असतो, सोसायटीत सेक्रेटरी असतो. सगळीकडे त्याला येतच असलं पाहिजे. काही येत नाही असं म्हटलं की लोक काळजीत पडतात. ट्रायथलॉनमध्ये त्याला एका सकाळी तीन गोष्टी चारचौघांत धड येत नसतात, आणि त्याबद्दल लोक टाळ्या वाजवतात. वीस वर्षांची पोरगी त्याला कोपर कसं वळवायचं ते शिकवते आणि तो ‘हो मॅडम’ म्हणून ऐकतो. सायकलवाल्याचा मुलगा त्याला गिअर कधी बदलायचा ते सांगतो. शेवटच्या नंबरवाल्याला पहिल्याहून जास्त टाळ्या मिळतात. एक तर तो पोहोचला याचा आनंद असतो, आणि दुसरं म्हणजे तो आल्याशिवाय मंडपवाल्याला कमान उतरवता येत नाही. पण टाळ्या खऱ्या असतात. मोठेपणी वाईट खेळायची मोकळीक फार थोड्या ठिकाणी मिळते. ती इथे भोंगा वाजवून आणि पाणी पाजून देतात.

तेव्हा तुमच्या गावाजवळ अशी छोटी शर्यत होत असेल, तर एकदा जरूर उतरा. महागडी सायकल लागत नाही. मुलाची मागून घ्या, दोन्ही ब्रेक लागतात ना ते बघा, बाकी पंच तपासतील. पोहण्याचा सराव मात्र कुणाच्या तरी देखरेखीखाली उघड्या पाण्यात करून जा आणि डॉक्टरांना एकदा छाती दाखवून घ्या, यात थट्टा नाही. मोज्यांच्या बाबतीत माझा सल्ला असा की ते घरीच ठेवा. आणि नोंदणी अर्ज भरताना टी-शर्टचा आकार खरा लिहा. वीस वर्षांपूर्वीचा आकार लिहिणारे बरेच असतात आणि मग मोठे आकार आधी संपतात.